वाचक विचारतात : नवरदेवाशिवाय निघालेली वरात

मागच्या अंकात मी घाईघाईत एक वाक्य लिहून मोकळी झाले होते : माणसात न्यूक्लिअर रिसेप्टर ४८ आहेत, आणि त्यातल्या कित्येकांवर बसणारा भरवशाचा रेणू आजही कुणाच्या हाती नाही. इथे न्यूक्लिअर म्हणजे अणुबॉम्बवालं नव्हे, पेशीच्या केंद्रकातलं, आणि रिसेप्टर म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, एवढं तरी तेव्हा सांगायला हवं होतं. एका आजोबांनी "यातून किरणोत्सर्ग होतो का?" असं काळजीने विचारलंय. नाही हो, होत नाही. बाकीच्या पत्रांतली काही इथे घेते. उत्तरं लांबली तर दोष माझा. एकोणीस वर्षं मी याच रिसेप्टरांसाठी प्लेटा भरल्या आहेत आणि या विषयावर मला कुणी सहसा काही विचारत नाही.

प्रश्न : आमच्या पुस्तकात 'ऑर्फन रिसेप्टर' एवढाच शब्द आहे, पुढे काही नाही. रिसेप्टर पोरका कसा होतो? (बीएस्सी दुसरं वर्ष, लातूर)

तुझ्या पुस्तकाने नेमकी गंमतच गाळली म्हणायची.

न्यूक्लिअर रिसेप्टर हे एक प्रथिन. त्याच्या एका भागात जस्ताच्या अणूभोवती वळलेली दोन बोटं असतात, त्यांनी तो डीएनए धरतो. दुसऱ्या भागात साधारण बारा सर्पिलांची गुंडाळी असते आणि तिच्या पोटात एक खिसा. त्या खिशात लहानसा, तेलकट रेणू, बहुधा एखादं हार्मोन, येऊन बसला की शेवटचं, म्हणजे बारावं सर्पिल झाकणासारखं मिटतं. त्यामुळे बाहेरच्या बाजूला एक खाच तयार होते, तिथे मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि शेजारचा जनुक वाचला जायला लागतो. रेणू तेलकटच का? पेशीच्या स्निग्ध पडद्यातून त्याला आत शिरायचं असतं म्हणून.

हे तुझ्या घरातही रोज चालू असतं. थायरॉइडची गोळी, दम्यावरचं प्रेडनिसोलोन, आठवड्याला एक घ्यायची व्हिटॅमिन डीची साठ हजारी पुडी, स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमोक्सिफेन, ही सगळी शेवटी याच घराण्यातल्या कुणा ना कुणापाशी जातात.

जुन्या काळी आधी हार्मोन सापडायचं, मग ते कुठे बसतं याचा शोध सुरू व्हायचा. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि ते उंदरांच्या गर्भाशयात जाऊन कसं टिकून राहतं ते दाखवलं. (म्हणजे आजोबा, किरणोत्सर्ग होता, पण खुणेपुरता!) १९५८ साली व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा समोर मोजून पाच माणसं होती, त्यातली तीन पुढचे वक्ते. १९८५च्या सुमाराला या रिसेप्टरांचे जनुक हाती यायला लागले आणि गाडी उलटी फिरली. रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाशी जुळणारे तुकडे शोधताना १९८८ मध्ये दोन नवे रिसेप्टर सापडले. चेहरामोहरा सगळा त्याच घराण्यातला, पण इस्ट्रोजेनला ते दारात उभं करेनात. मग यांचं हार्मोन कुठलं? ठाऊक नाही. म्हणून पोरके.

पुढच्या दहाएक वर्षांत त्यातल्या काहींना घर मिळालं. पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरवर ग्लिटाझोन गटातली मधुमेहाची औषधं बसतात हे १९९५ मध्ये कळलं. एफएक्सआर हा पित्ताम्लांचा रिसेप्टर निघाला, १९९९ मध्ये. पण बरेचसे मागेच राहिले. टीएलएक्स, पीएनआर, टीआर-४, जीसीएनएफ, डॅक्स-१. ही नावं तू कुठल्या औषधाच्या खोक्यावर वाचलेली नाहीस. वाईट म्हणजे शास्त्रज्ञांच्या निबंधांतही ती कमीच दिसतात. २०११ मध्ये काही संशोधकांनी या घराण्यावरचे निबंध चाळून हिशेब मांडला, तेव्हा एक लाजिरवाणी गोष्ट समोर आली. कुठल्या रिसेप्टरवर काम होतं हे तो रोगात किती महत्त्वाचा आहे यावर ठरत नाही, त्याच्यावर बसणारा चांगला रेणू बाजारात विकत मिळतो की नाही यावर ठरतं. जिथे डांबरी रस्ता तिथेच एसटी जाणार, वाडीवरच्या लोकांनी चालत यायचं.

तेव्हा हातात रेणू नाही म्हणून कुणी अभ्यास करत नाही, आणि अभ्यास नाही म्हणून रेणू शोधायला कुणी पैसे देत नाही. माझी सगळी नोकरी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत झाली.

प्रश्न : असा रेणू शोधतात तरी कसा? एखाद्या दिवसाचं काम सांगा. वर्गात मुलांना सांगेन. (विज्ञान शिक्षक, चिपळूण)

सर, मुलांना काजव्यापासून सांगा.

ज्या रिसेप्टरचं हार्मोन माहीत नाही, तो कुठला जनुक चालू करतो हेही बऱ्याचदा धड माहीत नसतं. मग तो जागा झाला हे ओळखायचं कसं? त्यावर एक जुनी, छान युक्ती आहे. रिसेप्टरचा डीएनए धरणारा भाग कापून टाकायचा आणि त्या जागी यीस्टमधल्या गॅल-४ नावाच्या प्रथिनाची पकड जोडायची. गॅल-४ डीएनएवरची एक ठरावीक ओळ धरतं, माणसाच्या पेशीत ती ओळ वापरणारं दुसरं कुणी नसतं. त्या ओळीपुढे काजव्याला चमकवणाऱ्या ल्युसिफेरेज या प्रथिनाचा जनुक लावून ठेवायचा. रेणू खिशात बसला, झाकण मिटलं, की पेशी ल्युसिफेरेज बनवते. शेवटी त्याचं इंधन, ल्युसिफेरिन, घातलं की उजेड पडतो. जितका रिसेप्टर जागा तितका उजेड जास्त.

पेशी बहुधा एचईके-२९३ जातीच्या. मूळ मूत्रपिंडाच्या, नेदरलँड्समध्ये लायडनला तयार झालेल्या. २९३ हा त्या संशोधकाच्या प्रयोगाचा क्रमांक. (त्याआधीचे सगळेच फसले होते असं नाही, पण मुलांना हा आकडा जरूर सांगा.) प्लेट तळहातापेक्षा थोडी मोठी, तिच्यात सोळा ओळी आणि चोवीस रकाने, म्हणजे ३८४ वेल. वेल म्हणजे विहीर, पण तोंड तुरीच्या दाण्याएवढं. दोन्ही कडांचे दोन-दोन रकाने तुलनेसाठी राखायचे, उरतात ३२०. वीस हजार रेणू तपासायचे म्हटलं तर ६३ प्लेटा होतात, आणि त्या दोनदा केल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही.

सकाळी पेशी मोजून भरायच्या, दुपारी रेणू घालायचे, रात्रभर ३७ अंशांच्या कपाटात ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी उजेड मोजायचा. रेणू सगळे डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवलेले असतात. तो हातावर सांडला तर कातडीतून आत शिरतो आणि थोड्या वेळाने तोंडाला लसणाची चव येते. आमच्या आजीचा चातुर्मास कडक. मी सुट्टीत घरी गेले की ती माझ्या हाताचा वास घेऊन मगच स्वयंपाकघरात येऊ द्यायची.

आता फजिती सांगते, कारण या धंद्यातली खरी शिकवण तिथेच आहे. आम्ही नर१ नावाच्या रिसेप्टरवर काम करत होतो. (इंग्रजी स्पेलिंगात दोन 'आर' आहेत. मराठीत नर म्हटलं की सगळे हसतात, पण इलाज नाही.) एका रेणूने उजेड तिपटीने वाढवला. पुन्हा केला, पुन्हा तिप्पट. रेणू वाढवत नेला तसा उजेडही शिस्तीत वाढत गेला, आलेख असा देखणा की फ्रेम करून लावावा. साहेबांनी तो एका बैठकीत दाखवलासुद्धा. तीन महिने आम्ही त्या रेणूचे भाऊबंद बनवत बसलो.

आणि एक पायरी मी गाळली होती. नुसत्या गॅल-४ ची प्लेट. म्हणजे रिसेप्टर जोडलेलाच नाही अशा पेशी. प्लेटा महाग होत्या, महिनाअखेर होती, 'नंतर करू' म्हटलं. नंतर केली तेव्हा त्या पेशींतही उजेड तिप्पट! नवरदेवच नाही आणि वरात वाजतगाजत निघालेली.

झालं होतं ते असं. तो रेणू रिसेप्टरवर बसतच नव्हता, काजव्याच्या ल्युसिफेरेजवरच बसत होता. त्याने खरं तर ते ल्युसिफेरेज अडवायचं, उजेड कमी व्हायचा. पण पेशीत ल्युसिफेरेज सतत बनत आणि मोडत असतं. रेणू बिलगून बसला की ते मोडायचं थांबतं आणि रात्रभरात साठत जातं. सकाळी आपण भरपूर ल्युसिफेरिन ओतलं की तो रेणू बाजूला सरतो आणि साठलेलं सगळं एकदम लखलखतं. अडवणारा रेणू वाढवणारा दिसतो. पुढे वाचनात आलं की या सापळ्यात आमच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं पडली आहेत. त्याने बरं वाटलं, साहेबांना नाही वाटलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. प्लेटवर चमकलेल्या प्रत्येक रेणूला आधी नुसत्या गॅल-४ समोर उभा करायचा. मग दुसऱ्या उजेडाने तपासायचा, समुद्रातल्या रेनिला नावाच्या जिवाच्या ल्युसिफेरेजने. पेशी मरताहेत का ते बघायचं. काही रेणू पाण्यात विरघळण्याऐवजी एकमेकांना चिकटून बारीक गोळे करतात आणि प्रथिनं त्यांच्यावर जाऊन बसतात. त्यासाठी चाचणीत किंचित साबण घालून बघायचं : साबणाने परिणाम गेला तर तो गोळ्यांचाच होता. एवढ्यातून जे उरतील त्यांनाच शुद्ध रिसेप्टरसमोर न्यायचं, पेशी नाही, उजेड नाही, फक्त ते दोघे. रेणू बसला तर रिसेप्टर तापवल्यावर उशिरा उलगडतो, बसताना थोडी उष्णता सुटते किंवा शोषली जाते आणि ती मोजता येते, एनएमआर या चुंबकाच्या यंत्रात खुणा जागच्या सरकतात. यातली निदान दोन उत्तरं जुळल्याशिवाय मी 'बसतो' हा शब्द वापरत नाही. आणि शेवटी एक जुळा हवा. त्याच रेणूसारखा दिसणारा, एखादाच अणुगट बदललेला, पण न बसणारा. खऱ्याने जे होतं ते जुळ्यानेही झालं तर समजायचं की आपण रिसेप्टरबद्दल काहीच शिकलो नाही.

नर१ चंच बघा. या रिसेप्टरवर आणि त्याच्या दोन सख्ख्या भावांवर काम करतात म्हणून जाहीर झालेले बारा रेणू अमेरिकेतल्या एका गटाने एकत्र आणून शुद्ध नर१ समोर ठेवले, २०२० मध्ये त्याचा निबंध आला. त्यांतले तीनच नर१ वर थेट बसताना दिसले. बाकीच्यांनी पेशीत काही ना काही केलं असेलही, पण तो निरोप नर१ ने घेतला असं म्हणता येईना. या रेणूंच्या आधारावर लोकांनी वर्षानुवर्षं निष्कर्ष काढले होते.

दुर्लक्षित रिसेप्टरचं दुःख हेच आहे सर. त्याच्याकडे रेणू नसतो तेव्हा तो नुसता अंधारात असतो. चुकीचा रेणू आला की त्याच्या नावावर दुसऱ्याचीच कथा चिकटते, आणि ती खरवडून काढायला दुप्पट वेळ जातो.

प्रश्न : ताई, बाबांना पार्किन्सन आहे. मोबाइलवर वाचलं की मलेरियाची गोळी मेंदूतल्या नर१ ला जागं करते आणि आजार थांबतो. डॉक्टरांना सुचवू का? (एक मुलगी, डोंबिवली)

सुचवू नका, आणि स्वतःहून तर मुळीच देऊ नका. तुम्ही वाचलंत ते निव्वळ थाप नाही, म्हणूनच नीट सांगते.

मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी घडायला आणि टिकायला नर१ लागतो. ज्या उंदरांत तो जन्मापासून नसतो त्यांच्या मध्यमेंदूत या पेशी तयारच होत नाहीत, हे १९९७ मध्ये दिसलं. पार्किन्सनमध्ये याच पेशी मरतात. तेव्हा नर१ ला बळ देता आलं तर? हा प्रश्न योग्य आहे आणि त्यावर चांगली डोकी खपत आहेत.

पण २००३ मध्ये नर१ च्या स्फटिकाचं चित्र निघालं आणि सगळे गप्प झाले. जिथे खिसा असायचा तिथे खिसाच नव्हता. जाडजूड अमिनो आम्लांनी ती जागा गच्च भरलेली. यावर रेणू बसणारच नाही असं बरेच जण म्हणू लागले. नंतर कळलं की प्रथिन द्रावणात स्फटिकाइतकं ताठ बसत नाही, श्वास घेतल्यासारखं हलतं. २०१५ मध्ये अमोडियाक्विन आणि क्लोरोक्विन ही मलेरियाची औषधं त्याच्यावर बसतात आणि पार्किन्सनसारखा आजार केलेल्या उंदरांची हालचाल अमोडियाक्विनने सुधारते असं प्रसिद्ध झालं. वर ज्या तिघांबद्दल लिहिलं त्यांत ही दोन आहेत, म्हणजे बसतात हे खरं. २०१९ मध्ये तर डोपामिनपासूनच तयार होणारा एक छोटा रेणू नर१ ला जाऊन चिकटतो असं दिसलं. हे वाचून मी त्या दिवशी चहा गार केला होता.

अडचण इथे आहे की ही औषधं फार दुबळी बसतात. नर१ हलवायला जेवढी लागतात तेवढ्यात ती शरीरात इतर दहा ठिकाणी उद्योग करतात. क्लोरोक्विन दीर्घकाळ घेतलं तर डोळ्याचा पडदा बिघडू शकतो, हृदयाच्या ठोक्यावरही परिणाम होतो. अमोडियाक्विन यकृताला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना धोक्याचं आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना त्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आमच्या दृष्टीने हे रेणू म्हणजे खिसा आहे याचा पुरावा, सुरुवातीची खूण. त्यावरून नवे, घट्ट बसणारे रेणू बनवण्याचं काम चालू आहे.

बाबांच्या सध्याच्या गोळ्यांच्या वेळा पाळा. लेवोडोपा असेल तर ती जेवणातल्या डाळी-दुधाशी भांडते, म्हणून साधारणपणे जेवणाआधी घ्यायला सांगतात. ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, त्याचा फरक लवकर दिसू शकतो.

प्रश्न : मुलगा जिमला जातो. ऑनलाइन 'कार्डारीन' आणि 'स्टेनाबोलिक' मागवलंय. म्हणतो, स्टेरॉइड नाही, रिसेप्टरवर काम करतं. (एक वडील, नाशिक)

रिसेप्टरवर काम करतं, हे वाक्य ऐकून मी आता दचकते. स्टेरॉइडही रिसेप्टरवरच काम करतं हो!

कार्डारीन म्हणजे जीडब्ल्यू५०१५१६. पीपीएआर-डेल्टा या रिसेप्टरला जागं करतं, आणि खरोखर घट्ट आणि नेमकं बसतं. रेणू म्हणून उत्तम. म्हणूनच प्रयोगशाळेत सगळे वापरतात. पण औषध म्हणून त्याचं काम सोडून द्यावं लागलं, कारण प्राण्यांना दीर्घकाळ दिल्यावर अनेक अवयवांत कर्करोग दिसले. २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, खेळाडूंना त्याबद्दल मुद्दाम इशारा दिला. उत्तेजक म्हणून नेहमीच बंदीची यादी येते, पण 'हे घेऊ नका, जिवाला धोका आहे' असं वेगळं सांगायची वेळ क्वचित येते.

स्टेनाबोलिक म्हणजे एसआर९००९. हे रेव्ह-अर्ब या रिसेप्टरांसाठी बनवलेलं. शरीराच्या घड्याळाशी त्यांचं नातं आहे, आणि त्यांचा खरा पाहुणा हीम, रक्तातल्या लोहाला धरणारा तोच रेणू, हे २००७ मध्ये कळलं. २०१२ मध्ये एसआर९००९ दिलेल्या उंदरांचं वजन उतरलं, पुढे ते जास्त पळू लागल्याचंही आलं, आणि बाटल्या विकायला लागल्या. पण २०१९ मध्ये दोन्ही रेव्ह-अर्ब काढून टाकलेल्या पेशींवर तो घालून बघितला, तरी पेशींवर परिणाम झालाच. इथेही नवरदेव नाही. शिवाय गोळी म्हणून गिळलं तर ते रक्तात फारसं पोचतच नाही. तुमचा मुलगा पैसे कशाचे देतोय हे त्यालाही ठाऊक नाही आणि बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. बाटल्या फेकून द्या. रागावू नका मात्र, वरचे दोन परिच्छेद वाचायला द्या.

प्रश्न : टीबीचं औषध सुरू झाल्यावर आशाताईंनी सांगितलं की माला-डीवर विसंबू नको. दोन्हीचा संबंध काय? (सोलापूर)

आशाताई बरोबर आहेत, त्यांचं ऐका. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरवर बसतं. हा रिसेप्टर यकृतातला जकात नाका आहे : बाहेरचं काही आलं की ते मोडणारी प्रथिनं वाढवतो. ती वाढली की माला-डीमधली हार्मोनंही भराभर मोडली जातात आणि गोळीचा भरवसा राहत नाही. तांबी किंवा निरोध यांना हा प्रश्न येत नाही. उपचार पूर्ण झाल्यावरही पीएक्सआर शांत व्हायला काही आठवडे जातात, म्हणून लगेच गोळीवर परतू नका, केंद्रात विचारा. टीबीचं औषध मात्र एक दिवसही चुकवायचं नाही.

प्रश्न : परदेशी लोक लाखो कृत्रिम रेणू चाळतात, आपल्याकडे गुग्गुळ, हळद आहेच की. त्यात का शोधत नाही? (एक वैद्य, सातारा)

वैद्यबुवा, शोधलंय. आणि त्याची गोष्ट अभिमानाची आहे आणि थोडी डोळे उघडणारीही.

सुश्रुतसंहितेतला मेदोरोगाचा भाग वाचून बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळावर प्रबंध लिहिला, १९६६ मध्ये. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून कोलेस्टेरॉलचं औषध काढलं, १९८०च्या दशकात ते बाजारात आलं. २००२ मध्ये अमेरिकेत दिसलं की गुग्गुळातला गुग्गुलस्टेरॉन हा रेणू एफएक्सआरला, म्हणजे पित्ताम्लांच्या त्या रिसेप्टरला, अडवतो. आम्ही सगळे उड्या मारायचे तेवढे बाकी होतो. आजीच्या डब्यातला डिंक आणि पोरका रिसेप्टर एका वाक्यात!

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली. औषध नसलेली साधी गोळी घेतलेल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल पाच टक्के उतरलं आणि गुग्गुळ घेतलेल्यांचं चार-पाच टक्के चढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. मग हळूहळू कळत गेलं की गुग्गुलस्टेरॉन एकट्या एफएक्सआरकडे जात नाही. प्रोजेस्टेरॉन, अँड्रोजेन, ग्लुकोकॉर्टिकॉइड, मिनरलोकॉर्टिकॉइड, वरचा जकात नाका पीएक्सआर, सगळ्यांच्या घरी याचं जाणंयेणं. तुमच्या मात्रा, अनुपान, शोधन यांच्याबद्दल मी बोलत नाही, तो माझा अधिकार नाही. पण एखाद्या रिसेप्टरचं काम समजून घ्यायचं हत्यार म्हणून गुग्गुलस्टेरॉन चालत नाही.

हळदीबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण मी सांगलीची. हरिपूरची पेवं पाहत वाढले. पण हळदीतलं कर्क्युमिन आमच्या चाचण्यांत महाबिलंदर आहे. स्वतः रंगीत, स्वतः चमकणारं, प्रथिनांना चिकटणारं, गोळे करणारं, आणि शरीराच्या आम्लतेच्या पाण्यात अर्ध्या तासात बरंचसं फुटून जाणारं. व्हिटॅमिन डीच्या रिसेप्टरपासून पीपीएआर-गॅमापर्यंत सगळीकडे ते बसतं असे दावे आहेत, त्यावरूनच संशय यावा. भाजीत घाला, दुधात घाला, प्लेटमध्ये मी घालत नाही.

प्रश्न : या घराण्यावर भारतात बनलेलं एखादं औषध आहे का? (बडोदा)

आहे, आणि तुमच्यापासून दोन तासांवर. सारोग्लिटाझार, अहमदाबादच्या झायडसचं. पीपीएआर-अल्फा आणि गॅमा दोन्हींवर बसतं. मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी २०१३ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, आणि भारतीय कंपनीने शोधापासून बाजारापर्यंत स्वतः नेलेला तो पहिला नवा रेणू म्हणून ओळखला जातो. २०२० मध्ये यकृताच्या चरबीच्या आजारासाठीही परवानगी आली. त्याआधी हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने शोधलेला रागाग्लिटाझार हा त्याच जोडीवर बसणारा रेणू २००२ मध्ये मधेच थांबला होता, चाचणीतल्या प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या म्हणून. मात्र हे दोन्ही डांबरी रस्त्यावरचे रिसेप्टर. वाडीवरच्यांसाठी आपल्याकडून अजून कुणी बाजारापर्यंत पोचलेलं नाही.

आणि लातूरच्याच मुलीने पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय : "आमच्या कॉलेजात यातलं काहीच यंत्र नाही. मी काय करू शकते?"

कॉलेजचा एक संगणक आणि इंटरनेट पुरेल. प्रोटीन डेटा बँक सगळ्यांना फुकट आहे. तिथून दोन फायली उतरव. एक २पीआरजी : पीपीएआर-गॅमा, खिशात मधुमेहाचं रोसिग्लिटाझोन बसलेलं. दुसरी १ओव्हीएल : २००३ मधला तो नर१. रेणू बघायचं काइमेराएक्स नावाचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. दोन्ही रिसेप्टर एकमेकांवर बसव, सर्पिलं जवळजवळ एकावर एक येतील. मग रोसिग्लिटाझोन जिथे आहे तिथे नर१ मध्ये काय आहे ते बघ. फिनाइलअॅलॅनिनची षटकोनी कडी दिसतील, एकमेकांत घुसलेली. त्यांना एकेक करून लपव आणि कुठलं लपवल्यावर रेणूला सरकायला जागा होते ते वहीत लिहून ठेव, क्रमांकासकट. मला पाठव. माझ्या वहीत माझी यादी आहे, जुळते का बघू.